धर्मराज चांगोचं आवतण

या, जरा पुढे सरकून बसा. दाराशी बसलात तर अर्धी गोष्ट चपलांनाच ऐकू जाईल. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खुशाल पाय पसरावेत, देव काही रागावत नाही. आज एका माणसाची गोष्ट सांगायची आहे, ज्याला त्याच्याच घरच्या लग्नात कधी कुणी बोलावलं नाही. आणि एका थकलेल्या बाईची, जिला त्याचा माग काढावा लागला. रामकृष्णहरी म्हणा आणि ऐका.

नवीन पनवेलात एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दमयंतीबाई राहतात. कॉलेजात इतिहास शिकवून त्या निवृत्त झाल्या, तेव्हा वेळ जावा म्हणून त्यांनी दुसऱ्या महायुद्धात आपल्या तालुक्यातून गेलेल्या शिपायांवर एक लेख लिहिला. तो लेख छापून आला आणि बाईंच्या मागे साडेसाती लागली. कुणी पणजोबांचा बिल्ला घेऊन यायचं, कुणी वाळवी लागलेला फोटो. प्रत्येकाला आपला माणूस शूर निघायला हवा असायचा. बाई लष्करी कागद मिळवायच्या, त्यातली तोडकी अक्षरं सोडवत बसायच्या. लष्करात पूर्ण शब्द लिहायची पद्धतच नाही. जखमही दोन-तीन अक्षरांत, मरणही दोन-तीन अक्षरांत. आणि बहुतेक वेळा शेवटी काहीच हाती लागायचं नाही. मग समोरच्याचा उतरलेला चेहरा बघत चहा करायचा.

डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला तशी बाईंनी ठरवलं, बास. सगळी कागदपत्रं माळ्यावर टाकली, शिडी शेजाऱ्यांना देऊन टाकली, आणि संध्याकाळी कीर्तनाला जायचं, एवढाच नेम ठेवला. तिथेही त्यांना बहुतेक वेळा डुलकी लागायची. पण मृदंगाच्या आवाजात लागलेल्या डुलकीत काही वावगं नाही, असं त्या स्वतःला सांगायच्या.

चैत्रातल्या एका दुपारी दारावरची घंटा वाजली. दारात एक धिप्पाड तरुण, हातात गाडीची चावी, आणि त्याच्या दंडाला धरून दम खात उभी असलेली एक म्हातारी. नऊवारी आगरी पद्धतीने गुडघ्यापर्यंत कसलेली.

"मॅडम, मी प्रितेश. ही माझी आजी, गंगाबाई. आमचं गाव विमानतळात गेलं ना, तिथले आम्ही."

"मी आता ते काम करत नाही हो," दमयंतीबाई म्हणाल्या.

"कंचा काम? मी तं पानी पिवाला आलीय," म्हातारी म्हणाली आणि सरळ आत येऊन जमिनीवर बसली. बाईंनी सोफा दाखवला तशी तिने हात झटकला. "मना खालीच बरा. त्या सोफ्यान रुतली की उठवाला दोन मानसां लागतीन."

पाणी झालं, चहा झाला. मग गंगाबाईने कमरेची पिशवी सोडून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कागदाची एक पट्टी काढली. पिवळी पडलेली, चार ठिकाणी घड्या मोडलेली, त्यावर टाइप केलेली एकच ओळ.

"माजा बापूस," ती म्हणाली. "धर्मराज चांगो. लढाईवर गेला तवा मी आयसच्या पोटान होती. परत नाय आला. लढाई सरल्यावर ही चिट्टी आली."

पुढची गोष्ट प्रितेशने सांगितली. चिठ्ठी आली तेव्हा गावात इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं. धर्मराजचा भाऊ भरतीच्या कचेरीत गेला. तिथल्या कारकुनाने पहिली तीन अक्षरं वाचली, एस.ओ.एस., आणि सांगितलं, "पलटणीच्या पटावरून नाव कमी केलंय." एवढंच. भाऊ गावात येऊन म्हणाला, "धर्माचं नाव कापलं."

आता ही सगळी मिठागरावरची माणसं. मिठागरात नाव कधी कापलं जायचं? हंगाम अर्धा असताना कुणी कुदळ टाकून रात्रीत पसार झाला, की मुकादम सकाळी सगळ्यांसमोर त्याचं नाव कापायचा. आजारी पडला, मेला, तर नाव तसंच ठेवून घरच्या माणसाला त्याच्या जागी घ्यायची रीत होती. म्हणजे कापलेलं नाव म्हणजे पळालेला माणूस. सगळ्या गावाला हे न सांगता कळलं. लढाईतून पळाला, तिकडेच कुठेतरी दुसरं घर केलं असेल, असं ठरून गेलं. कुणी चौकशी केली नाही, कारण चौकशी करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"मना शालेन पलपुट्याची पोर बोलाचे," गंगाबाई म्हणाली. "आयस मरंपर्यंत हिरव्या बांगड्या घालून, कुकू लावून बसली. पुसायचा कोनी सांगितला नाय, आन मिरवायची तिची हिंमत नाय."

"मावशी, आता एवढ्या वर्षांनी कशाला हे काढता?"

गंगाबाईने नातवाकडे पाहिलं. "याच्या भैनीचा, प्राचीचा लगीन हाय वैशाखान."

आगऱ्यांच्या लग्नात भटजी असला तरी धवलारणीवाचून लग्न लागत नाही. ही धवले गाणारी बाई. हळद दळण्यापासून अक्षता पडेपर्यंत तिचं गाणं चालतं. आणि सुरुवातीलाच ती गावदेवीला, कुळाच्या देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाचं आवतण देते. गंगाबाईच्या लग्नात बापाचं नाव वगळलं. तिच्या मुलाच्या लग्नात वगळलं. आता प्राचीच्या लग्नाला भामा नावाची धवलारीण ठरवली होती, आणि तिने स्वतःहून विचारलं होतं, चांगोच्या धर्माला बोलवायचं की नाही?

"मावशी, रागावू नका. पण ते आज असते तर शंभरी ओलांडून गेली असती. गेलेच असणार ना?"

"ता मना पन कलतं गो बाय. आज तो नाय. पन मेला कोनाचा होऊन? तिकडं दुसरा घर करून मेला असंल तं तो त्या घरचा पितर. त्याना आमच्या मांडवान कसा बोलवू? आन आमचाच होऊन मेला असंल, तं इतकी वर्सां तो दारान उबा हाय आन आमी त्याना आत घेतला नाय." तिने पट्टी पुढे सरकवली. "तेवढा सांग. आमचा होता का नाय."

प्रितेश खाकरला. "आणि मॅडम, एक छोटीशी रिक्वेस्ट. पळस्पे नाक्यावर फ्लेक्सवाल्याला लग्नाच्या बॅनरचं सांगून ठेवलंय. वर पणजोबांचं नाव टाकतोय. 'शहीद' लिहायचं म्हणतो. तुमचं एक लेटर मिळालं की झालं."

"आधी वाचू तर दे," बाई म्हणाल्या. आणि म्हणताक्षणीच त्यांना कळलं की आपण काम घेतलं.

शिडी शेजाऱ्यांकडून परत आणावी लागली.

पहिल्या दोन दिवसांत सोपी अक्षरं सुटली. धर्मराजच्या नावामागे पी.एन.आर. होतं. म्हणजे पायनियर. रस्ते खणणारे, पूल बांधणारे, ओझी वाहणारे शिपाई. कंपनीचा आकडा होता, तारीख होती. ही कंपनी तेव्हा आसामच्या पलीकडे ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर डोंगरात रस्ता काढत होती. एस.ओ.एस. त्यांना पाठ होतं. तुकडीच्या संख्येतून वजा. पण वजा का, ते त्या तीन अक्षरांत नसतं. ते पुढच्या अक्षरांत असतं, आणि पुढे होती इंग्रजी एक्स, कंसात रोमन दोन. त्यापुढे आणखी तीन तोडके गट.

प्रितेश फोन करून विचारायचा. "मॅडम, एक्स म्हणजे काट मारलीय का?"

खरं सांगायचं तर बाईंनाही तेच वाटत होतं. नाव वजा, वर काट. त्यांनी जुने तक्ते काढले. एकात एक्सचे तीन अर्थ, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात ते पानच फाटलेलं. एका ओळखीच्या संशोधकाने त्या कंपनीच्या रोजनिशीची छायाचित्रं पाठवली होती. पेन्सिलीची पुसट अक्षरं, पावसाने पसरलेली. त्यात शिपायांची नावं नव्हतीच. गोऱ्या साहेबाला ताप आला तरी त्याचं नाव, आपल्या माणसांचे मात्र नुसते आकडे. एक आय.ओ.आर., दोन आय.ओ.आर. हिंदी शिपाई, एक नग. बाई त्या तारखेची ओळ भिंगाखाली धरून बसायच्या. डोळ्यांतून पाणी यायचं. थेंब घालायच्या, पडायच्या, उठून पुन्हा तीच ओळ. एकदा तर त्यांनी फोन हातात घेतला, जमत नाही म्हणून सांगून टाकायला. पण गंगाबाईच्या घरी कुणी उचललाच नाही.

रामनवमीचा सप्ताह चालू होता. त्या संध्याकाळी बाई देवळात गेल्या ते केवळ घरी बसवेना म्हणून. खांबाला टेकून बसल्या. बुवांनी अभंग लावला होता आणि त्यातल्या एका जुन्या शब्दापाशी थांबून ते म्हणत होते:

"मंडळी, हा शब्द तुम्हाला कळला नाही, मलाही पहिल्यांदा कळला नव्हता. मी कोश बघितला. कोशात सहा अर्थ! कुठला घेऊ? माझे गुरू म्हणाले, अरे, पंगतीत अनोळखी माणूस बसला तर त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत बसतोस का? त्याच्या आधी कोण बसलंय, नंतर कोण बसलंय, त्याला वाढतंय कोण, ते बघ. कुणाकडचा पाहुणा ते आपोआप कळतं."

लोक हसले, टाळ वाजले. डुलकीच्या काठावरून दमयंतीबाई परत आल्या. आपण इतके दिवस काय करतोय? एकाच माणसाच्या तोंडाकडे टक लावून बसलोय. आरती होईपर्यंत त्या थांबल्या, प्रसाद घेतला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ-पूजा उरकून त्यांनी ती ओळ बाजूला ठेवली. तिच्या आधीचे आणि नंतरचे महिने वाचायला घेतले.

काम किचकट, पण अर्थांचं भांडण मिटलं. एक्स दोन जागोजाग होतं. जिथे जिथे एक शिपाई एक्स दोनवर वजा झाला होता, तिथे त्याच्या आगेमागे तापाचा, पोटाचा, नाहीतर दरड कोसळल्याचा उल्लेख. आणि आधीच्या एका महिन्यात उलटी नोंद: एक्स दोनवरून दोघे परत, पटावर घेतले. काट मारलेली माणसं परत कशी येतील? एक्स दोन ही इस्पितळात गेलेल्यांची यादी होती. आणि पळालेले? तेही होतेच. दोघे. त्यांच्यापुढे वेगळीच अक्षरं होती, रजेशिवाय गैरहजर, अगदी ठळक, लाल पेन्सिलीत. लष्कराने पळालेला आणि आजारी यांची कधीच गल्लत केली नव्हती. ती मिठागरावर झाली होती.

मग उरलेली अक्षरं एकामागून एक उघडली. पी.यू.ओ.: कारण न कळलेला ताप. सी.सी.एस.: आघाडीमागचं तंबूतलं इस्पितळ, जिथून रुग्णांना मोठ्या इस्पितळात पाठवायचे. ए.टी.: रुग्णांची आगगाडी. धर्मराज तापाने फणफणला, त्याला डोंगरातून खाली आणलं, तंबूत ठेवलं, आणि तिथून गाडीत घातलं. ओळ तिथे संपत होती.

ती गाडी जिथे पोचायची त्या इस्पितळांचे त्या काळातले कागद बाईंनी विचारले. नाहीत, असं उत्तर आलं. युद्धात गेलेल्यांच्या याद्या त्यांनी वाचल्या. धर्मराज अनेक होते, पण गावाचं नाव जुळेल असा एकही नाही. कंपनीच्या रोजनिशीत त्या तारखेनंतर एक्स दोनवरून कुणी परत आल्याचीही नोंद नव्हती. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वरून एक विमान घरघरत उतरलं. भांडी थोडी थरथरली.

प्रितेश दुसऱ्याच दिवशी हजर. त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो आधी हिरमुसला. "म्हणजे बंदूक नव्हती? नुसतं खोदकाम?"

"रस्ता नसता तर बंदुका पोचल्या नसत्या."

"तसं नाही मॅडम... पण पळाले नाहीत हे तर नक्की ना? आजारी होते, परत आले नाहीत. मग गेलेच. लिहून द्या ना, शहीद. एका शब्दाचा तर प्रश्न आहे. कोण तपासायला बसलंय? आजीला किती बरं वाटेल!"

दमयंतीबाईंना त्या क्षणी तो शब्द लिहून देण्यासारखं सोपं काही नव्हतं. पेन हाताशी होतं. म्हातारी सुखाने मान डोलावेल, मांडवात नाव घेतलं जाईल, आणि आपल्याला झोप लागेल. देवाच्या दारी हा काही मोठा गुन्हा ठरणार नाही. त्यांनी कागदही पुढे ओढला. मग त्यांना तो कारकून आठवला, ज्याने घाईत अर्धी ओळ वाचली होती. त्याने खोटं काही सांगितलं नव्हतं. नुसतं उरलेलं वाचायचा कंटाळा केला होता. आणि एका बाईचा जन्म त्यात गेला.

"नाही रे बाबा," त्या म्हणाल्या. "मला घेऊन चल आजीकडे. जेवढं आहे तेवढं मीच सांगते."

विमानतळात गाव गेल्यावर मिळालेल्या प्लॉटवर प्रितेशने चार मजली घर उठवलं होतं. खाली गाळे, वर संगमरवर. गंगाबाई मात्र मागच्या पडवीत चटईवर, सुपात तांदूळ घेऊन. तिच्या शेजारी काळीसावळी, कपाळभर कुंकू लावलेली भामा धवलारीण पान लावत होती.

बाईंनी भारताचा नकाशा आणला होता. तो चटईवर पसरला आणि बोट ठेवत सांगितलं. इथे रस्ता खणत होते. इथे ताप भरला. इथे तंबूत ठेवलं. इथून गाडीत घातलं. पुढचं मला सापडलं नाही, मावशी. ते पळाले नाहीत, हे मी शपथेवर सांगते. पण गेले कुठे, कधी, हे मी सांगू शकत नाही. माफ करा.

गंगाबाईने सुपातले तांदूळ नुसते वर-खाली केले. मग म्हणाली, "ताप. आमच्या घरान सगल्यांनाच ताप लई चडतो. मना पन." जरा वेळाने: "खोदाला तं तो खोदनारच. मिठागरान त्याच्यासारका बांद कोनी घालीत नव्हता, आयस सांगायची. पन बाय, गाडीनंतर आमचाच होऊन मेला ता नक्की नाय, म्हंजे पितरांन नाय बोलवता येनार."

"नाही," दमयंतीबाई हळूच म्हणाल्या. तो एक शब्द उच्चारताना त्यांना आपलं सगळं वय जाणवलं.

भामा इतका वेळ नकाशाकडेच बघत होती. तिने पान दाढेखाली सरकवलं. "बाय, हा आपला पनवेल कुटं?"

बाईंनी दाखवलं.

"आन ती गाडी कंच्या तोंडाला चालली होती?"

"इकडे. लढाईपासून लांब... पश्चिमेला."

"आन त्या तंबूच्या आदी? डोंगरातून खाली कंच्या अंगाला उतरवला?"

बाईंनी पुन्हा बोट फिरवलं. त्यांच्याही आता लक्षात आलं. रस्त्यावरून तंबूत, तंबूतून गाडीत, एकेक टप्पा मागे मागे, घराच्या दिशेने. "इकडेच," त्या म्हणाल्या. "प्रत्येक वेळी इकडेच."

"मंग रडतीस कशाला गो गंगे?" भामा गंगाबाईच्या मांडीवर थाप मारत म्हणाली. "माजी आजी दर्याकाठच्या करंज्या गावची. तिकडं कोल्यांच्या घरान लगीन निघाला आन घरधनी दर्यावर अडाकला, तं धवलारीन काय करती? त्याना जित्यांन पन नाय बोलवीत, मेल्यांन पन नाय. वाटंवरच्याचा आवतन वेगला हाय. जो घरच्या वाटंला लागला तो घरचा. वाऱ्याना सांगाचा, लाटंना सांगाचा, जिथं असंल तिथं त्याना सांग, मांडव घातलाय. ता गानं माज्याकडं हाय. आगऱ्यांन कोनी गात नाय, कारन तुमची मानसां कुटं जातच नवती."

"पन ता कोल्यांचा..." गंगाबाई अडखळली.

"गाडी काय आन होडी काय! मी गाते ना. देवाना काय इचाराचा असंल तं मना इचारूदे."

गंगाबाईने पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, ते नीट कळेना. प्रितेश दारात उभा होता. "आजी, मग फ्लेक्सवर काय लिहू?"

"नाव लिव," ती पदराआडून म्हणाली. "पुरता लिव. धर्मराज चांगो. अक्षरां तोडू नको."

फ्लेक्सवाल्याने मात्र वाट न बघता फ्लेक्स आधीच छापून टाकला होता. प्रितेशने वैतागत 'शहीद' वर पांढरा कागद चिकटवला, आणि उन्हात त्याचं एक टोक सुटून दिवसभर फडफडत राहिलं.

वैशाखातल्या त्या लग्नाला दमयंतीबाई गेल्या. उकाड्याने जीव नकोसा झाला होता, डोळे चुरचुरत होते, आणि परतायला रिक्षा मिळेल की नाही याची चिंता. भामाने हळदीच्या जात्यापाशी बसून गायला सुरुवात केली. गावदेवीला आवतण झालं. जिचं देऊळ आता धावपट्टीखाली आहे तिलाही झालं. पितरांची नावं झाली. मग ती थांबली, घसा खाकरला, आणि वेगळीच चाल लावली, लांबट, हेलकावे खाणारी. मांडवातल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. गाण्यात वारा आला, डोंगर आले, तापाची गाडी आली, आणि मग नाव आलं. पुरतं. धर्मराज चांगो, ये रं घरा, तुज्या लेकीच्या नातीचा मांडव घातलाय.

गंगाबाई दोन बायांच्या आधाराने उठली, उंबऱ्यापाशी गेली, आणि तिथे मूठभर तांदूळ ठेवून बाजूला सरकली. कुणाला तरी आत यायला वाट द्यावी, तशी.

एवढीच गोष्ट. तो कुठे गेला ते अजून कुणाला ठाऊक नाही. दमयंतीबाई म्हणतात, कदाचित कळणारही नाही. पण आता इथून उठून घरी जाल, पानावर बसाल, तेव्हा पहिला घास घेण्याआधी या धर्मराज चांगोचं नाव एकदा घ्या. मनातल्या मनात घेतलंत तरी चालेल. फक्त पुरतं घ्या.